दुरुस्तीनंतर तापणारे, मिसिंग करणारे इंजिन : दोन तपासणी-साधनांचा वापरानुभव

हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील), टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप अशी तीन मोठी कामे एकाच वेळी करून गाडी गॅरेजमधून परत आली आणि तिसऱ्या आठवड्यात दोन तक्रारी सुरू झाल्या. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन अर्धा मिनिट मिसिंग करायचे, म्हणजे एखादा सिलिंडर पेट चुकवायचा, थरथरायचे आणि मग सुरळीत व्हायचे. शिवाय लांबच्या चढावर तापमानाचा काटा आपली नेहमीची जागा सोडून वर सरकायचा. दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजने गाडी दोनदा पाहिली. एकदा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) भरून दिले, एकदा तापमानाचा सेन्सर बदलला आणि दोन्ही वेळा ‘आता काही प्रॉब्लेम नाही’ असे सांगून किल्ली हातात ठेवली. तक्रारी मात्र तशाच राहिल्या. शेवटी मी दोन साधने विकत घेतली : गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू शिरतो आहे का, हे निळ्या द्रवाच्या रंगावरून दाखवणारे तपासणी-किट. सहा महिन्यांच्या वापरानंतर त्यांच्याविषयी लिहीत आहे. माझे मत आधीच नोंदवतो. बिघाड नेमका कोणत्या सिलिंडरमध्ये आणि कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो, हे स्कॅनरने उत्तम दाखवले; बिघाडाचे कारण त्याला सांगता आले नाही. ते किटने सांगितले, पण दुसऱ्या प्रयत्नात, आणि पहिला प्रयत्न का फसला याचा उलगडा किटसोबतच्या माहितीपत्रकात कुठेही नव्हता.

स्कॅनर काडेपेटीएवढा आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी, म्हणजे निदान-सॉकेटमध्ये तो घट्ट बसतो, आणि मोबाइलशी जोडणी पहिल्या वेळी थोडा त्रास देऊन, नंतर आपोआप होते. या साधनाचे खरे मोल कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक) वाचण्यात आहे असे घेण्यापूर्वी मला वाटत होते. कोड तर त्याने वाचलाच : पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तेच मिसिंग. पी०३०० असता तर मिसफायर एका ठिकाणी न राहता अनेक सिलिंडरमध्ये फिरतो आहे असा अर्थ झाला असता आणि शोधाची दिशाच वेगळी झाली असती. परंतु कोडपेक्षा मला अधिक उपयोग झाला तो फ्रीझ फ्रेमचा. कोड नोंदला गेला त्या क्षणाची परिस्थिती गाडीचा कॉम्प्युटर जपून ठेवतो आणि स्कॅनर ती दाखवतो. माझ्या गाडीत त्या क्षणी कूलंटचे तापमान २४ अंश सेल्सिअस होते, फेरे मिनिटाला ११०० होते आणि गाडीचा वेग शून्य होता. म्हणजे इंजिन रात्रभर उभे राहून नुकतेच सुरू झाले होते. ‘कधीकधी मिसिंग करते’ या मोघम तक्रारीला या तीन आकड्यांमुळे वेळ आणि जागा मिळाली.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही त्याच्यासोबत पुसली जाते. पहिल्या गॅरेजने दोन्ही भेटींत कोड पुसून गाडी परत दिली होती. इंजिनचा दिवा विझलेला पाहून मीही निश्चिंत झालो आणि त्याबरोबर दोन वेळचा पुरावा कायमचा गेला. कोड पुसण्याचे बटण माझ्या स्कॅनरच्या ॲपमध्ये पहिल्याच पानावर ठळकपणे ठेवलेले आहे आणि फ्रीझ फ्रेम मात्र तीन पाने आत दडलेली आहे. हा या उत्पादनाचा मला सर्वांत गंभीर वाटणारा दोष आहे, कारण नवख्या माणसाचे बोट पहिल्यांदा तिथेच जाते. कोणताही कोड दिसला तर आधी पडद्याचा फोटो काढावा आणि पुसण्याचा विचार नंतर करावा. इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर मात्र फोटोसाठीही गाडी पुढे दामटू नये. न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जाळू शकेल इतका मिसफायर होत असल्याची ती खूण असते.

कॉम्प्युटरला मिसफायर कळतो कसा, हे समजून घेतल्यावर स्कॅनरकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये हे मला स्पष्ट झाले. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला) एक झटका मिळतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला तो झटका येत नाही, तिथे शाफ्टचा वेग क्षणभर मंदावतो, आणि क्रँक सेन्सरच्या नोंदीतून कॉम्प्युटर तेवढेच ताडतो. ठिणगी पडली नाही, इंधन पोहोचले नाही, कॉम्प्रेशन बसले नाही की आत पाणी शिरले, यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणूनच पी०३०३ दिसताच तिसऱ्या नंबरचा कॉइल (ठिणगीसाठी प्लगला वीज देणारा भाग) बदलून देणे हे निदान नव्हे. मी तिसऱ्याचा कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा तिसऱ्यावर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पी०३०३. मग स्पार्क प्लगांची तशीच अदलाबदल केली. पुन्हा पी०३०३. दोष कॉइलसोबतही सरकला नाही आणि प्लगसोबतही नाही.

मात्र प्लग काढताना हाताला जे लागले ते कोणत्याही पडद्यावर दिसले नसते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या प्लगांची टोके फिकट तपकिरी होती, पेट्रोलच्या सुदृढ इंजिनात असावीत तशी. तिसऱ्याच्या प्लगचे पोर्सेलीन मात्र पांढरेशुभ्र, धुवून काढल्यासारखे होते आणि त्याच्या इलेक्ट्रोडवर काजळीचा कणही नव्हता. वाफेने घासून निघालेला प्लग असा दिसतो. त्या क्षणी मला हेड गॅस्केटमधून कूलंट आत शिरत असल्याची जी शंका आली ती बोलून दाखवण्याआधी साधी कारणे बाद करणे आवश्यक होते, कारण दुरुस्तीनंतरच्या बिघाडात बहुतेक वेळा दुरुस्तीच्या वेळी हात लागलेली एखादी किरकोळ वस्तूच दोषी निघते. कॉइलचे कनेक्टर ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसले आहेत का, प्लगच्या खोबणीत सांडलेले कूलंट साचले आहे का, इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचे) गॅस्केट बाहेरची हवा ओढते आहे का, हे मी तपासले. हवेची गळती असती तर स्कॅनरवरच्या फ्युएल ट्रिमने (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्याने) ती उघड केली असती. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन सुरू) ट्रिम अधिककडे बरीच चढते आणि फेरे वाढवले की खाली येते, हे तिचे ओळखीचे लक्षण. माझी दीर्घकालीन ट्रिम सर्व स्थितींत अधिक दोन ते तीन टक्क्यांवर स्थिर होती. टायमिंग बेल्ट एक दाता चुकून बसला असता तर चारही सिलिंडरांना त्याचा फटका बसला असता आणि गाडीचा पिकअप गेला असता. एकटा तिसरा त्यात भरडला गेला नसता.

तापमानाच्या बाबतीत स्कॅनरने जे दाखवले, तेवढ्या एका उपयोगाकरताही मी तो विकत घेतला असता. गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा खरे तापमान दाखवत नाही; वाहनचालकाने उगाच घाबरू नये म्हणून बऱ्याच गाड्यांमध्ये तो एका मोठ्या पट्ट्यात मध्यावरच खिळवून ठेवलेला असतो. स्कॅनरला जोडलेला मोबाइल डॅशवर ठेवून मी एकाच चढावर तीन वेळा गाडी नेली. सपाट रस्त्यावर तापमान ९० ते ९३ अंश राही. उभ्या गाडीत ९८ अंशांना पंखा सुरू होई आणि ९२ ला बंद होई, म्हणजे पंखा, त्याचा रिले आणि सेन्सर यांची साखळी शाबूत होती. चढावर मात्र आकडा १००, १०४, १०९ असा चढत गेला आणि डॅशवरचा काटा तोवर मध्यावरून तसूभरही हलला नव्हता. तो हलला तेव्हा स्कॅनर ११२ दाखवत होता. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल अशा कूलंटचा उत्कलनबिंदू मोकळ्या हवेत साधारण १०७ अंशांच्या आसपास असतो. त्यापुढे ते उकळत नाही ते केवळ टाकीच्या झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे. काटा हलण्याची वाट पाहणारा माणूस अशा वेळी झाकणाच्या रबरावर किती विसंबून असतो, हे तो चढ चढताना मला प्रथमच उमगले.

त्याच चढावर आणखी एक लक्षण दिसले. हीटर पूर्ण उघडला असता गरम हवा यायला हवी होती; ती थंड येऊ लागली. इंजिन तापलेले आणि हीटर थंड, याचा अर्थ हीटरच्या नळ्यांत कूलंटऐवजी हवा किंवा वायू आहे. दुरुस्तीनंतर एअर लॉक, म्हणजे कूलंटच्या वाटेत अडकलेली हवा, राहणे ही सर्वसामान्य चूक आहे आणि पहिल्या गॅरेजने तेच कारण सांगितले होते. मी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडले, गाडीचे तोंड चढाकडे केले, हीटर पूर्ण उघडा ठेवून पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन चालवले आणि बुडबुडे थांबल्यावर कूलंट खुणेपर्यंत भरले. दोन दिवस सारे ठीक चालले. तिसऱ्या दिवशी हीटर पुन्हा थंड. माझ्या दृष्टीने संपूर्ण शोधाचा कलाटणीचा मुद्दा हा होता : भरताना राहून गेलेली हवा एकदा काढली की परत येत नाही, परत येते याचा अर्थ ती कुठूनतरी नव्याने आत येत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरची वरची नळी मी हाताने दाबून पाहिली. मिनिटभरातच ती टणक झाली होती, आणि त्या वेळी स्कॅनरवर कूलंटचे तापमान जेमतेम ३५ अंश होते. एवढ्या तापमानाला उष्णतेने असा दाब निर्माण होत नाही.

आता किटविषयी. त्यात एकावर एक दोन कप्पे असलेली पारदर्शक नळी, खाली रबराचा शंकू, वर हाताने दाबायचा रबरी फुगा आणि निळ्या द्रवाची एक बाटली एवढेच असते. हा द्रव ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या दर्शकाचा असतो. कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळला की आम्लता वाढते आणि पेट्रोलच्या इंजिनात द्रव पिवळा होतो. डिझेलच्या बाबतीत बदल सौम्य, हिरवटपर्यंतच असतो. शंकू कूलंटच्या टाकीच्या तोंडावर दाबून धरायचा आणि फुगा दाबत टाकीतली हवा द्रवातून ओढायची. निरोगी इंजिनच्या कूलंटमध्ये कार्बन डायऑक्साइड येण्याचे काही कारण नसते. पेट्रोलच्या एक्झॉस्टमध्ये मात्र तो सुमारे तेरा-चौदा टक्के असतो. त्यामुळे रंग बदलला तर ज्वलनकक्ष आणि कूलंट यांच्यामध्ये वाट आहे, हे जवळजवळ निर्विवाद ठरते.

द्रव चांगला आहे की नाही हे आधी पाहण्याची एक सोपी रीत आहे : फुगा काढून आपलाच उच्छ्वास नळीतून द्रवात सोडावा. माणसाच्या उच्छ्वासात चारेक टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तेवढ्यानेही माझ्या हातातला निळा द्रव आठ-दहा श्वासांत हिरवा आणि मग पिवळा झाला. तो भाग फेकून नवा द्रव घेतला आणि तपासणी केली. परिणाम : निळा. दोन मिनिटे फुगा दाबला, पाच मिनिटे दाबला, तरीही निळा. पहिल्या गॅरेजचे म्हणणे खरे आणि माझी शंका खोटी, असे मी त्या संध्याकाळी मानून टाकले होते.

चूक माझ्या पद्धतीत होती, आणि माहितीपत्रकाने मला तिच्यापासून वाचवायला हवे होते. ‘इंजिन सुरू करून टाकीच्या तोंडावर नळी धरा’ एवढेच त्यात छापले आहे. मी इंजिन जेमतेम कोमट असताना, आयडलिंगला तपासणी केली होती. थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) तोवर उघडलेला नव्हता, त्यामुळे रेडिएटरकडचा प्रवाह बंद होता आणि हेडमध्ये शिरणारा वायू टाकीपर्यंत पोहोचतच नव्हता. शिवाय भार नसताना सिलिंडरमधला दाबही कमी असतो आणि बारीक फट त्या दाबाला दाद देत नाही. दुसऱ्या वेळी मी थंड इंजिनवर झाकण उघडले, कूलंट नळीत ओढले जाऊ नये म्हणून टाकीतली पातळी चार बोटे खाली आणली, इंजिन पंखा सुरू होईपर्यंत तापू दिले आणि मग मदतनिसाला फेरे २५०० वर धरायला सांगून फुगा दाबू लागलो. साधारण चाळीस सेकंदांनी खालच्या कप्प्यातल्या द्रवाच्या कडेला हिरवी झाक दिसली. दोन मिनिटांत खालचा कप्पा पिवळा झाला आणि वरचा हिरवा. झाकण उघडण्याचे काम इंजिन थंड असतानाच करायचे, हे पुन्हा सांगतो. तापलेल्या इंजिनचे झाकण उघडल्यास दाब एकदम सुटतो, कूलंट उकळून अंगावर उडते आणि भाजण्याची जखम फार गंभीर होते.

किटच्या बांधणीविषयी माझ्या तीन तक्रारी आहेत. शंकू माझ्या टाकीच्या रुंद तोंडावर नीट बसत नव्हता आणि बाजूने बाहेरची हवा आत येत होती. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा गुंडाळून ती फट बुजवली, पण असा जोडतुकडा किटमध्येच द्यायला हवा होता. दोन्ही कप्प्यांमधली झडप सैल आहे, त्यामुळे नळी जराशी तिरपी झाली की वरचा द्रव खाली उतरतो. आणि एकदा कूलंट नळीत ओढले गेले की त्या द्रवाच्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही, तो ओतूनच द्यावा लागतो. तरीही नळीवर पातळीची कोणतीही खूण नाही. तपासणी बंद जागेत करू नये हेही पत्रकात नाही, वास्तविक गाडीच्या स्वतःच्याच धुराने द्रव पिवळा होऊ शकतो. मी दुसरी तपासणी उघड्यावर केली होती म्हणून तिच्यावर विसंबलो.

त्याचबरोबर या किटकडून नकारात्मक उत्तर आले म्हणून हेड गॅस्केट निर्दोष ठरत नाही. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीत फुटले असेल, कूलंट ऑइलमध्ये जात असेल किंवा बाहेर झिरपत असेल, तर द्रव निळाच राहील. त्यासाठी कॉम्प्रेशन, लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणे) आणि कूलिंग सिस्टीमचा दाब, या तपासण्या वेगळ्या कराव्या लागतात आणि त्या गॅरेजमध्येच नीट होतात.

पिवळ्या द्रवाचा फोटो, फ्रीझ फ्रेमचा फोटो आणि चढावरच्या तापमानाचा आलेख घेऊन मी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या वयस्क मेकॅनिकने आलेख शांतपणे पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “साहेब, मागच्या वेळी हेडला फेस मारला होता का?” फेस मारणे म्हणजे हेडचा पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करणे; पावतीवर तशी नोंद नव्हती. त्यांनी तिसरा पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली आणि टाकीचे झाकण काढून मला बोलावले. कूलंटमधून बुडबुड्यांची बारीक, न तुटणारी माळ वर येत होती. हेड उतरवल्यावर त्यांनी त्याच्या पृष्ठभागावर सरळपट्टी आडवी ठेवली आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचे माप) सरकवला. तिसऱ्या सिलिंडरजवळ ०.१२ मिलिमीटरची पाती सहज आत गेली. या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ ची आहे. गॅस्केट नवे होते, पण ते वाकलेल्या हेडखाली बसवलेले होते. हेडचे बोल्टही जुनेच होते. हे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि म्हणून एकदाच वापरायचे असतात. दुसऱ्यांदा वापरले की ठरलेली पकड मिळत नाही. रात्री इंजिन बंद झाल्यावर कूलिंग सिस्टीममध्ये उरलेला दाब त्या फटीतून थेंब थेंब कूलंट तिसऱ्या सिलिंडरमध्ये ढकलत होता, म्हणून सकाळचे मिसिंग आणि धुतलेला प्लग. दिवसा चढावर ज्वलनाचा वायू त्याच वाटेने उलट कूलंटमध्ये घुसत होता, म्हणून थंड हीटर आणि ११२ अंश. दोन तक्रारींचे मूळ एकच होते आणि सेन्सर बदलण्याने त्यांतली एकही जाणे शक्य नव्हते.

हेडचे फेसिंग, नवे गॅस्केट आणि नवे बोल्ट झाल्याला आता तीन महिने झाले. त्याच चढावर स्कॅनर जास्तीत जास्त ९७ अंश दाखवतो आणि सकाळचा मिसफायर परतलेला नाही. किटची तपासणी मी दुरुस्तीनंतर दुसऱ्या आणि आठव्या आठवड्यात, पूर्ण तापलेल्या इंजिनवर, फेरे २५०० वर ठेवून केली आणि द्रव दोन्ही वेळा निळा राहिला.

ज्याच्या गाडीचे हेड नुकतेच उघडले गेले आहे आणि कूलंट कुठेही न गळता कमी होते आहे, त्याने किट जरूर घ्यावे. शंकूचा व्यास आपल्या टाकीच्या तोंडाला जुळतो का हे आधी मोजून पाहावे आणि द्रवाच्या बाटलीवरची वापराची मुदत वाचावी. केवळ पंखा फिरत नाही किंवा नळी गळते आहे, अशा उघड बिघाडासाठी त्याची गरज नाही. स्कॅनर घेताना तो फ्रीझ फ्रेम आणि थेट तापमान दाखवतो का, एवढ्या दोन गोष्टी खात्रीने विचाराव्यात. माझा स्कॅनर इग्निशन बंद असतानाही बॅटरीतून थोडा प्रवाह ओढत राहतो, त्यामुळे गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर मी तो काढून ठेवतो.